उभ्या गाडीचे दुखणे

गाडी सुरू होत नाही, अशी कोणाचीच तक्रार नव्हती. ती पहिल्या चावीला सुरू व्हायची. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला, की शेजारी बसलेल्याची पाठ सीटला चिकटायची. तक्रार होती ती गाडी उभी असतानाची. सिग्नलला थांबले, की इंजिनाचा आवाज आपोआप वर चढायचा, मग खाली यायचा, पुन्हा चढायचा, आणि पेंगणाऱ्या माणसाची मान अचानक खाली पडावी तसे इंजिन बंद! मागे हॉर्नचा एकच गलका.

दक्षिण दिल्लीतल्या मुनिरकामध्ये, डीडीएच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातली ही २०१६ सालची गोष्ट. वडील मूळचे इचलकरंजीचे. दूरसंचार खात्यात अख्खी नोकरी करून निवृत्त झालेले. आई घर सांभाळणारी. दूध, गॅस, धोबी यांचा तीस वर्षांचा हिशेब वह्यांत लिहून ठेवणारी. मुलगा यंत्र अभियंता, गुडगावला एका कारखान्यात नोकरीला. चांगला पगार होता, लग्नाचे वय झाले होते. पण त्याचे सगळे शनिवार-रविवार इमारतीखालच्या एका जुन्या गाडीच्या बॉनेटखाली जात.

गाडी २००३ सालची, चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची. मुलाने ती दुसऱ्या हाताने घेतली आणि दोन वर्षे खपून तिला टर्बो बसवला. टर्बो मायापुरीच्या भंगारबाजारातून आणलेला, एका लहान डिझेल गाडीचा. नळ्या, क्लॅम्प आणि गॅस्केट कश्मीरी गेटच्या दुकानांतून आणलेले. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे हे ठरवणारा मूळ कॉम्प्युटर काढून, हवा तसा प्रोग्राम करता येणारा नवा कॉम्प्युटर त्याने स्वतः जोडला. धातूचे कापणे-जोडणे एका ओळखीच्या वेल्डरकडून झाले. बाकी सारे हातचे काम.

ज्या दिवशी टर्बोची पहिली शीळ ऐकू आली, त्या दिवशी मुलगा पेढे घेऊन वर आला. वडिलांनी पेढा घेतला, पण खाली जाऊन गाडी पाहिली नाही.

गावची जुनी आठवण

वडिलांच्या या अबोल्यामागे एक कारण होते. त्यांच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार आपल्या गावात तयार करायची, या ध्यासाने त्यांनी १९४९ मध्ये पहिली गाडी उभी केली आणि पुढे १९७५ पर्यंत तिच्यात सुधारणा करून नवनवे नमुने बनवले. ‘मीरा’ हे तिचे नाव. गाडी रस्त्यावर चालली, लोकांनी कौतुक केले. पण मोठ्या प्रमाणावर कारखान्यातून बाहेर पडण्याचे भाग्य तिला लाभले नाही.

वडिलांच्या लहानपणी घराघरांत मीराचा विषय निघे. कोणी म्हणे, केवढा बुद्धीचा माणूस! कोणी म्हणे, केवढे आयुष्य खर्ची घातले! वडिलांच्या मनात ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी राहिली होती. आता मुलगा बॉनेटखाली वाकलेला दिसला, की त्यांना दुसरे वाक्य आठवे. पण तसे बोलून दाखवणारा त्यांचा स्वभाव नव्हता. ते फक्त विचारत, “जेवायला येणार आहे का तो?”

टर्बो म्हणजे काय?

वाचकांपैकी अनेकांच्या मोटारीवर हल्ली टर्बो हा शब्द लिहिलेला असतो. त्यामागची कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर जोरात बाहेर पडतो आणि त्याची ताकद वाया जाते. त्या धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येते, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद मिळते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारीत ती यायला १९६२ उजाडले. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने त्या वर्षी टर्बोच्या दोन गाड्या बाजारात आणल्या. आपल्याकडे १९९८ मध्ये आलेल्या टाटा सफारीच्या डिझेल इंजिनाला टर्बो होता.

लहान टर्बोचे चक्र जोरात असताना मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेते. पण गाडी उभी असताना धूर कमी, म्हणून टर्बोही जवळजवळ स्वस्थ बसलेला. त्या वेळी तो इंजिनाला देतही काही नाही आणि घेतही नाही. ही साधी गोष्ट मुलाला ठाऊक होती. तरीही गाडी बंद पडली, की त्याचा हात आधी टर्बोकडेच जाई. जे नवे आणले, त्याच्यावरच संशय येतो!

तीन महिन्यांत त्याने स्पार्क प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, आयडलिंगचा व्हॉल्व्ह काढून धुतला, इंजिनाची अर्थिंगची वायर नवी घातली, कॉम्प्युटरमधले आकडे शंभर वेळा वरखाली केले. दर वेळी दोन दिवस बरे वाटे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकेका रविवारी तो तीन-तीन गोष्टी बदले. त्यामुळे बरे वाटले तर कशाने वाटले, आणि बिघडले तर कशाने बिघडले, हे सांगता येत नसे.

शेजारीही कंटाळले होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीवर धुराची अशी दाट चादर पसरली, की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तळमजल्यावरच्या आजोबांना दमा होता. त्यांच्या सूनबाई वर येऊन आईला हळूच म्हणाल्या, “भाभीजी, बुरा मत मानना, पर गाडी थोडी दूर स्टार्ट करवा लो.” आई खजील झाली. त्या दिवसापासून गाडी इमारतीपासून लांब, मोकळ्या जागी सुरू होऊ लागली. ते योग्यच झाले. उभ्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या इंजिनाने तो माणसाचा जीवही घेऊ शकतो.

उतारावरचा प्रसंग

नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी आईला वसंत कुंजला एका बारशाला जायचे होते. रिक्षा मिळेना. मुलगा म्हणाला, “आई, चल, मी सोडतो.”

नेल्सन मंडेला मार्गावर एका उतारावर पुढे सिग्नल लाल झाला. मुलाने क्लच दाबला, ब्रेक दाबला, थोडा सोडला, पुन्हा दाबला. इंजिन बंद पडले. आणि त्याच क्षणी ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट झाले. स्टिअरिंगही जड झाले. पुढे एक स्कूटर, तिच्यावर नवराबायको आणि मध्ये लहान मूल. मुलाने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा स्कूटरची मागची नंबरप्लेट बॉनेटच्या कडेखाली दिसेनाशी झाली होती. स्कूटरवाल्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. सिग्नल हिरवा झाला आणि ते तिघे निघून गेले.

आई काही बोलली नाही. तिच्या मांडीवरचा झबल्याचा खोका चेपला होता, तो ती हाताने सारखा करत राहिली.

घरी आल्यावर ही गोष्ट वडिलांना कोणी सांगितली, कोण जाणे, पण रात्री जेवताना ते म्हणाले, “उद्या ती गाडी भंगारात दे.”

“बाबा, दोष सापडेल मला.”

“तीन महिने शोधतोयस. तुझ्या गाडीत तू बस, मर किंवा जग. हिला बसवू नकोस.”

इतके कठोर शब्द त्या घरात कधी बोलले गेले नव्हते. मुलगा ताटावरून उठला. पुढचे आठ दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. गाडी भंगारात गेली नाही, पण तिची चावीही कोणी फिरवली नाही.

फॉल्ट रजिस्टर

नवव्या दिवशी मुलगा कामावरून आला तेव्हा त्याच्या टेबलावर एक नवी लांब वही होती. लाल पट्टीने रकाने आखलेले: तारीख, वेळ, काय केले, काय झाले, शेरा. अक्षर वडिलांचे.

वडिलांची हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. तिथे असे रजिस्टर असे. लाइन बंद पडली, की तक्रार लिहायची, काय तपासले ते लिहायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि तिचा परिणाम लिहिल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी एवढेच लिहिले होते: ‘दोष कुठे आहे ते विचारू नये. दोष केव्हा येतो ते विचारावे.’

बोलणे मात्र सुरू झाले नाही. जे काही असेल ते वहीतून.

मुलाने कामाला नीट सुरुवात केली. अशा इंजिनाने गरम झाल्यावर उभ्या जागी मिनिटाला साधारण साडेआठशे फेरे घ्यावेत. त्याने मोजून लिहिले: ‘सहाशे ते चौदाशे, सतत वरखाली.’ वडिलांचा शेरा पडला: ‘हवा कुठून तरी चोरून आत येते का?’

शंका रास्त होती. उभ्या गाडीचे इंजिन हवा ओढते आणि नळ्यांत पोकळी निर्माण होते. कुठे बारीक भेग असेल, तर न बोलावलेली हवा आत शिरते. इंजिनाचा वेग वाढतो, कॉम्प्युटर तो कमी करायला पेट्रोल तोडतो, वेग धाडकन खाली येतो, कॉम्प्युटर पुन्हा पेट्रोल देतो, आणि हा झोपाळा चालू राहतो. आत ओढणारी भेग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मुलाने उलटा उपाय केला. इंजिन बंद ठेवून हवेचे तोंड बुच लावून बंद केले, पायपंपाने अगदी हलका दाब भरला आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी लावले. एका न वापरलेल्या तोटीच्या रबरी टोपीवर बुडबुडे आले. टर्बोच्या शेजारच्या उष्णतेने ते रबर कडक होऊन तडकले होते. दहा रुपयांची टोपी बदलली. वहीत नोंद झाली: ‘आठशे ते नऊशे. झोपाळा थांबला.’

त्या रात्री मुलगा पहिल्यांदा पोटभर जेवला. पण दुसऱ्या दिवशी आउटर रिंग रोडवर गाडी दोनदा बंद पडली.

हे दिवस दिल्ली मेट्रोच्या कामाचे होते. मुनिरकाचे भुयारी स्टेशन खणले जात होते आणि रस्ता पत्र्याच्या बॅरिकेडनी आवळला होता. ते स्टेशन मे २०१८ मध्ये सुरू झाले. पण २०१६ च्या हिवाळ्यात तिथे गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरके. तिथे गाडी बंद पडणे म्हणजे शेकडो लोकांच्या शिव्या खाणे. आणि गंमत अशी, की घराजवळ मोकळ्या जागी तीच गाडी तासभर उभी ठेवली तरी एकसारखी चाले. मेकॅनिकला दाखवायला न्यावी, तर त्याच्यासमोर ती बंद पडायची नाही. डॉक्टरच्या दारात ताप उतरणाऱ्या पोरासारखे तिचे वागणे.

गाडी चालवताना वही लिहिता येत नव्हती. रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, आई आपण होऊन पुढच्या सीटवर येऊन बसली. मुलगा नको म्हणाला. ती म्हणाली, “तू हळू चालव. पुढच्या गाडीपासून लांब राहा. मी लिहिते.” वडील गॅलरीत उभे होते. त्यांनी अडवले नाही.

आईला इंजिनातले काही कळत नव्हते. त्यामुळे तिने जे दिसले ते लिहिले. दुधाच्या हिशेबात जशी ती ‘अर्धा लिटर जास्त, पाहुणे’ असे लिही, तसेच.

‘७.१० - खाली सुरू केली. ठीक.
७.१८ - सिग्नल. ब्रेकवर पाय. थोडी थरथरली.
७.२५ - रांग. ब्रेक, सोडला, ब्रेक, सोडला. बंद.
७.४० - पेट्रोल पंप. हँडब्रेक लावला, पाय मोकळे. दहा मिनिटे ठीक.
७.५५ - सिग्नल. ब्रेक, सोडला, ब्रेक. बंद.’

वडिलांनी दुपारी चष्मा लावून पान वाचले. नंतर लाल पेनाने ‘ब्रेक’ या शब्दाखाली जिथे जिथे तो आला तिथे रेघ ओढली आणि शेऱ्यात लिहिले: ‘ब्रेकचा आणि इंजिनाचा संबंध काय?’

मुलाने खाली लिहिले: ‘काही नाही.’

रात्री दीड वाजता आईला जाग आली तेव्हा मुलाच्या खोलीत दिवा होता. सकाळी वही उघडली, तर ‘काही नाही’ हे दोन शब्द खोडलेले होते.

एकाच नळीवर सगळे

संबंध होता. मोटारीचा ब्रेक पायाला हलका लागतो, कारण पेडलच्या मागे एक मोठा गोल डबा असतो. इंजिनाने निर्माण केलेली पोकळी एका नळीने त्या डब्यात येते आणि ती पायाला मदत करते. ब्रेक दाबला-सोडला, की त्या डब्यातली हवा नळीवाटे इंजिनाकडे जाते. नेहमीच्या गाडीत त्याने काही बिघडत नाही.

पण मुलाने टर्बो बसवताना इंजिनातला दाब मोजणारा नवा सेन्सर घातला होता. त्याच्यासाठी वेगळी जागा पाडण्याचा कंटाळा केला आणि ब्रेकच्याच नळीला टी-जोड मारून त्यावर सेन्सर बसवला. आता ब्रेक दाबून सोडला, की हवेचा झोत त्या नळीत येई आणि सेन्सर तोच मोजे. कॉम्प्युटरला वाटे, इंजिनात खूप हवा आली! तो पेट्रोल ओते. प्रत्यक्षात इंजिनात हवा होती तेवढीच. पेट्रोलने गुदमरून इंजिन बंद पडे. त्यातून पेट्रोलच्या पिचकाऱ्याही टर्बोसाठी मोठ्या घातलेल्या. तांब्याने चमचाभर तूप वाढायला सांगावे तशी त्यांची गत. थोडी चूकही तिथे मोठी होई. घराजवळ गाडी हँडब्रेकवर उभी असे. ब्रेकला पाय लागतच नसे, म्हणून दोष दिसत नसे.

याहून वाईट गोष्ट पुढे निघाली. मूळ नळीमध्ये एक छोटी एकेरी झडप असते. तिच्यातून हवा डब्याकडून इंजिनाकडे जाऊ शकते, उलट येऊ शकत नाही. इंजिन अचानक बंद पडले तरी डब्यातली पोकळी टिकते आणि एकदोन वेळा तरी ब्रेक नीट लागतो. मुलाने जुनी नळी काढून नवी घातली तेव्हा ती झडप जुन्या नळीबरोबर कचऱ्यात गेली होती. उतारावर पेडल दगडासारखे झाले ते त्यामुळे.

त्याने हे सगळे वहीत लिहिले. कोणावर ढकलले नाही. शेवटी लिहिले: ‘टर्बोत दोष नाही. टर्बोसाठी मी जे हलवले त्यात दोष आहे. स्कूटरवरचे मूल माझ्या चुकीच्या पुढे होते.’

वडिलांनी त्या पानावर शेरा मारला नाही. ते उठले, पायात चपला घातल्या आणि जिना उतरून गाडीपाशी गेले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. मुलगा बॉनेट उघडून उभा होता. वडील म्हणाले, “टॉर्च मी धरतो. तू कर.”

सेन्सरला इंजिनापासून थेट वेगळी नळी दिली. ब्रेकच्या नळीत नवी झडप बसवली. झडप उलटी बसली नाही ना, हे वडिलांनी तोंडाने फुंकून स्वतः तपासले. पुढच्या रविवारी पहाटे तिघे जण गाडीत बसले. पुढे बापलेक, मागे आई आणि वही. बॅरिकेडच्या रांगेत मुलाने मुद्दाम वीस वेळा ब्रेक दाबला-सोडला. इंजिन जागचे हलले नाही. आईने लिहिले: ‘ठीक. ठीक. ठीक.’ मग तिने लिहिणे सोडून दिले आणि थर्मासमधला चहा ओतला.

कागदावर कुठे आहे?

गोष्ट इथे संपली असती तर सर्वांना आवडली असती. पण चहा पिता पिता वडिलांनी विचारले, “हा टर्बो गाडीच्या कागदावर कुठे आहे?”

तो कुठेच नव्हता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. अशा गाडीला अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळाच.

मुलगा म्हणाला, “बाबा, दिल्लीत किती जण असे करतात!”

“करतात. पण ब्रेकची चूक सापडली ती तू स्वतः लिहिलीस म्हणून. अजून एखादी असेल, तर ती तुला कोण सांगणार? कंपनी एक गाडी बाजारात आणते तेव्हा आधी किती गाड्या फोडून बघते. तू एकटा काय फोडून बघणार?”

मुलाला राग आला, पण उत्तर सुचले नाही. पंधरा दिवस त्याने विचार केला. मग एका शनिवारी त्याने स्वतःच टर्बो उतरवायला घेतला. मूळ कॉम्प्युटर, मूळ पिचकाऱ्या, मूळ नळ्या परत जागेवर गेल्या. जोडायला दोन वर्षे लागली होती. काढायला तीन दिवस लागले. वडील तिन्ही दिवस टॉर्च धरून उभे होते. शेवटच्या दिवशी त्यांनीच मीराचा विषय काढला आणि शंकररावांबद्दल गावात जे पहिले वाक्य बोलले जायचे, ते मुलाला सांगितले. दुसरे सांगितले नाही.

ती गाडी आता दिल्लीत नाही. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या राजधानीच्या रस्त्यांवर नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये दिला होता. २०१८ मध्ये गाडीची पंधरा वर्षे भरत आली, तेव्हा घरच्यांनी आरटीओकडून ना-हरकत दाखला घेऊन ती इचलकरंजीला चुलतभावाकडे पाठवली. तिथे ती बाजारहाट करते आणि सिग्नलला मुकाट्याने उभी राहते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेल्या छोट्या जीपची बातमी डिसेंबर २०२१ मध्ये गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले. पण नियमांत बसत नसल्याने ही जीप आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, असेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात लोहार यांना नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळाली. मुनिरकाच्या त्या घरात ही बातमी दोनदा वाचली गेली. वाचून झाल्यावर वडील मुलाला म्हणाले, “बघ, जीपही राहिली आणि माणूसही राहिला.”

टर्बो घरातच आहे. गॅलरीतल्या कपाटात, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. आणि फॉल्ट रजिस्टरची अर्धी कोरी पाने वाया घालवणे आईला पटले नाही. त्यात आता मिक्सर, गिझर आणि वडिलांच्या रक्तदाबाच्या नोंदी असतात. तारीख, वेळ, काय केले, काय झाले, शेरा. मिक्सर बिघडला, की घरात कोणी आधी तो उघडत नाही. आधी विचारतात, “केव्हा बंद पडतो?”